एका भूखंडावर एकच बिऱ्हाड

द्वितीय वर्षाच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा भाग आहे. नगरपालिकेची कामे कोणती, असा प्रश्न आला की पाणीपुरवठा, दिवाबत्ती, रस्ते, गटारे, प्राथमिक शिक्षण अशी यादी आम्ही सारे घोकतो, आणि यादीच्या शेवटी कोठेतरी 'बांधकामांना परवानगी देणे व त्यांचे नियमन करणे' हे अर्धे वाक्य येते. उत्तरपत्रिकेत ते राहून गेले तरी कोणाचे बिघडत नाही. परंतु गेल्या वर्षभरात ग्रंथालयात बसून या विषयावर जे वाचले, त्यावरून माझे असे मत झाले आहे की, शहरात कोणी राहावे आणि कोणी राहू नये हे ठरविण्याची जेवढी ताकद या अर्ध्या वाक्यात आहे, तेवढी बाकीच्या यादीत मिळूनही नसेल. प्रस्तुत लेखात मी अमेरिकेतील मिनियापोलिस या एका शहराचे उदाहरण घेऊन हे दाखविण्याचा प्रयत्न करणार आहे. उदाहरण दूरचे आहे खरे. पण तेथे हा नियम कधी आला, कोणी बदलला आणि बदलल्यावर काय झाले, हे सारे तारीखवार सापडते.

प्रथम एक शब्द ठरवून घेऊ. इंग्रजीत ज्याला 'फॅमिली युनिट' म्हणतात त्याला मराठीत 'कुटुंब-एकक' असा शब्द कोणी सुचवील. पण आपल्याकडे 'बिऱ्हाड' हा चांगला शब्द पूर्वीपासून आहे. एका छपराखाली स्वतंत्र चूल मांडून राहणारे घर म्हणजे बिऱ्हाड. वाड्यात किती बिऱ्हाडे आहेत, असे आपण सहज विचारतो. अमेरिकन शहरांच्या नियमांत हाच प्रश्न विचारलेला असतो, आणि शहराच्या बहुतेक भागांत त्याचे उत्तर नियमानेच देऊन ठेवलेले असते : एक. एका भूखंडावर एकच घर, एका घरात एकच बिऱ्हाड. तुमच्याच जागेत तुम्ही दुसरी चूल मांडून भाडेकरू ठेवू म्हणाल, तर ते बेकायदेशीर. लॉस एंजेलिसमध्ये निवासी जमिनीचा सुमारे ७५ टक्के भाग या नियमाखाली होता, सिॲटलमध्ये ८१ टक्के आणि मिनियापोलिसमध्ये ७० टक्के.

हा नियम काही अनादि नाही. शहराचे विभाग पाडून कोठे काय बांधावे हे ठरविण्याच्या पद्धतीला 'झोनिंग' म्हणतात. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली असे नियम प्रथम संपूर्ण शहराला लावले. तेथे भीती गगनचुंबी इमारतींची होती. एकेका इमारतीच्या सावलीत आजूबाजूचे रस्ते अंधारत चालले होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली या गावाने आपल्या हद्दीत असे विभाग आखले की जेथे एकाच बिऱ्हाडाचे घर चालेल, दुसरे काही नाही. दोन्ही नियम एकाच वर्षाचे आणि एकाच नावाचे. परंतु न्यूयॉर्कचा नियम इमारत मोजत होता, आणि बर्कलीचा नियम माणसांची बिऱ्हाडे मोजत होता. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

त्या काळात अमेरिकेतील काही शहरांनी याहून उघड मार्ग धरला होता. बाल्टिमोरने १९१० साली आणि लुईव्हिलने १९१४ साली गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांनी व काळ्यांच्या वस्तीत गोऱ्यांनी राहू नये असे नियमच केले. १९१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिलचा नियम रद्द ठरविला. मात्र त्या न्यायालयाचा रोख समतेपेक्षा मालमत्ता विकण्याच्या हक्काकडे अधिक होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. नियमात वंशाचे नाव घालता येईना, तेव्हा खरेदीखतात ते घालण्याची रीत आणखी फोफावली. मिनियापोलिसमध्ये १९१० सालापासून अशी खरेदीखते होती. हे घर चिनी, जपानी, निग्रो इत्यादी वंशांच्या माणसाला विकू नये, गहाण टाकू नये वा भाड्याने देऊ नये, अशी अट त्यांत घातलेली असे. मिनेसोटा विद्यापीठातील काही अभ्यासक २०१६ सालापासून जुनी खरेदीखते वाचून या अटी नकाशावर मांडीत आहेत, आणि एकट्या मिनियापोलिस शहरात त्यांना अशी हजारो खरेदीखते सापडली आहेत.

जेथे अट नव्हती तेथे शेजारी होते. १९३१ साली आर्थर ली या टपाल खात्यातील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याने कोलंबस ॲव्हेन्यूवर एक लहानसे घर विकत घेतले. पहिल्या महायुद्धात हा मनुष्य अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याने, त्याच्या पत्नीने आणि लहान मुलीने येथून निघून जावे म्हणून त्या उन्हाळ्यात घरासमोर रात्रीमागून रात्री हजारोंचा जमाव जमत होता. त्यांच्या बाजूने लेना ऑलिव्ह स्मिथ या कृष्णवर्णीय महिला वकील उभ्या राहिल्या. ली कुटुंब हटले नाही. पोलीस पहाऱ्यात का होईना, ते तेथे राहिले आणि पुढे दोन वर्षांनी स्वतःच्या सोयीने गेले.

आता नियमाकडे परत येऊ. ओहायो राज्यात क्लीव्हलँडजवळ युक्लिड नावाचे गाव आहे. त्याने १९२२ साली विभाग आखले आणि ॲम्बलर नावाच्या जमीन कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाने १९२४ साली स्पष्ट म्हटले की, लोकसंख्येची मिळकतीनुसार वर्गवारी करून त्यांना वेगवेगळे ठेवणे, हाच अशा नियमाचा अंतिम परिणाम आहे. परंतु १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी गावाचा नियम उचलून धरला. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनी अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीसाठी जो शब्द वापरला त्याला मराठीत एकच प्रतिशब्द आहे : बांडगूळ. स्वतंत्र घरांच्या वस्तीतील मोकळी हवा व रम्य परिसर यांचा फायदा उपटण्यासाठी ही इमारत तेथे येऊन चिकटते, असा त्यांचा आशय होता. त्यानंतर हा नियम देशभर पसरला. त्यात काळा-गोरा, गरीब-श्रीमंत असा एक शब्दही नसतो. मोठा भूखंड आणि त्यावर एकच घर एवढे म्हटले की पुरे. किंमतच दारावर पहारा करते.

हे वाचताना मला थोडे हसू आले, कारण त्या हिशेबाने मी बांडगुळातच वाढले आहे. आम्ही राहतो त्या वाड्यात सात बिऱ्हाडे आहेत. वडील गवंडीकाम करतात, आई चार घरची पोळ्या-भांडी करते, आणि घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वाडा नसता तर बाजारपेठेपासून आणि कॉलेजपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आम्हाला जागा मिळालीच नसती. मात्र म्हणून मी वाड्याचे गोडवे गाणार नाही. सात बिऱ्हाडांत एक नळ आहे आणि दोन संडास. परीक्षेच्या दिवसांत पहाटे पाचला उठून पुस्तक हाती घ्यायचे की बादली, हा प्रश्न ज्यांना पडलेला नाही त्यांनी दाटीचे तत्त्वज्ञान सांगू नये. नळ किती, संडास किती, खिडकी केवढी, आग लागली तर बाहेर पडायला जिना आहे की नाही, हे नगरपालिकेने मोजलेच पाहिजे; उलट आमच्याकडे ते पुरेसे मोजले जात नाही हीच तक्रार आहे. माझा आक्षेप फक्त बिऱ्हाडे मोजण्याला आहे. पाणी, उजेड, हवा यांचे माप लावून इमारत नाकारली तर ते कारण घरमालकापासून भाडेकरूपर्यंत सर्वांना सांगता येते. 'येथे दुसरे बिऱ्हाड नको' एवढेच म्हणायचे असेल, तर कारण मनातच ठेवावे लागते.

आपल्याकडे नियमात असे लिहिलेले नसते, असे कोणी म्हणेल. गेल्या वर्षी आम्ही जरा मोठी जागा शोधत होतो. एके ठिकाणी भाडे ठरले, अनामत ठरली, आणि मग आडनाव विचारले गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की जागा नात्यातल्या माणसाला द्यायची आहे. यात कोणताच नियम मोडला गेला नाही. कधीकधी लिहिलेलेही असते : २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा संस्थेचा उपविधी ग्राह्य धरला. अमेरिकेतील खरेदीखताची अट आणि आपला उपविधी यांत फरक पुष्कळ आहे, आणि एका लहान समाजाची स्वतःला जपण्याची धडपड मी त्या जमावाच्या पंक्तीला बसवणार नाही. परंतु दाराशी उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीचा अनुभव फारसा वेगळा येत नसावा.

मिनियापोलिस हे मिसिसिपी नदीच्या काठचे सुमारे ४ लाख ३० हजार वस्तीचे शहर आहे. मार्च २०१८ मध्ये तेथील पालिकेने २०४० सालापर्यंतच्या विकासाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात शहरभर कोठेही एका भूखंडावर चार बिऱ्हाडांपर्यंत घर बांधता येईल, अशी तरतूद होती. घरे कमी पडत होती, भाडी चढत होती, आणि जुन्या नियमांनी शहराची वंशावर फाळणी केली हेही पालिकेने आराखड्यातच मान्य केले होते. एखादी पालिका स्वतःच्या दप्तरात असे लिहिते, याचे मला कौतुक वाटले. यावर गदारोळ झाला. आमच्या वस्तीवर बुलडोझर फिरवू नका, अशा अर्थाचे लाल फलक घरोघरच्या हिरवळीवर उभे राहिले. दुसऱ्या बाजूने आम्हाला आणखी शेजारी हवेत असे म्हणणाऱ्या तरुणांची एक संघटना पुढे आली. अखेर चाराची तीन बिऱ्हाडे झाली, आणि ७ डिसेंबर २०१८ रोजी नगरपरिषदेने १२ विरुद्ध १ मतांनी आराखडा मंजूर केला. १ जानेवारी २०२० पासून एकाच बिऱ्हाडाचा नियम संपला. एवढ्या मोठ्या अमेरिकन शहराने हे शहरभर करण्याची ही पहिलीच वेळ होती.

विरोध करणारे सारेच दुष्ट होते असे मी मानत नाही. झाडे तोडली जातील, जुनी टुमदार घरे जातील, बिल्डर स्वस्त घरे पाडून महाग सदनिका बांधतील आणि आहेत तेच भाडेकरू रस्त्यावर येतील, या भीतींत तथ्य आहे. शेवटची भीती तर गरीब वस्त्यांतूनच व्यक्त होत होती. पण अशा सुनावण्यांत एक जन्मजात दोष आहे, जो कोणत्याही पुस्तकात मला ठळकपणे मांडलेला दिसला नाही. सुनावणीला जो येतो तो त्या वस्तीत आधीच राहत असतो. जे घर बांधलेच गेले नाही त्यात जो राहिला असता, तो दूर कोठेतरी राहत असतो. त्या वस्तीत त्याला मत नसते, त्याला सुनावणीची नोटीसही जात नाही.

आता परिणाम. येथे गंमत अशी की, ज्या तीन बिऱ्हाडांच्या घरांवरून एवढे रण माजले, ती पुढच्या काही वर्षांत फारच थोडी बांधली गेली. असे का व्हावे, हे एका साध्या गणिताने कळते. शहरातला नेहमीचा भूखंड साधारण ४० फूट रुंद व १२५ फूट लांब, म्हणजे ५,००० चौ. फूट. बिऱ्हाडे तीनपर्यंत चालतील असे म्हटले, पण शहराच्या बऱ्याच भागांत चटईक्षेत्राची मर्यादा भूखंडाच्या निम्मी, म्हणजे २,५०० चौ. फूटच राहिली, आणि उंची अडीच मजले. तेवढ्यातच तिघांना बसवायचे. जिना व भिंती सोडल्या तरी प्रत्येकी ८३३ चौ. फूट. हे गणित मी रात्री घरी मोठ्याने करीत होते. वडील सातवीपर्यंत शिकलेले आहेत. ते म्हणाले, "म्हणजे जुने पाडायचे आणि परत तेवढेच बांधायचे? मग पाडील कोण?" अर्थशास्त्राच्या भाषेत यालाच प्रकल्प किफायतशीर नसणे म्हणतात.

ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने २०२० साली नियम बदलले तेव्हा हे ओळखले होते. तेथे ५,००० चौ. फुटांच्या नेहमीच्या भूखंडावर एका घराला ०.५, दोघांना ०.६ आणि तीन वा चार बिऱ्हाडांना ०.७ पट चटईक्षेत्र दिले. म्हणजे एकट्यासाठी बांधाल तर २,५०० चौ. फूट, चौघांसाठी बांधाल तर ३,५००. बिऱ्हाडे वाढवली तर जागा वाढते, एकट्याचा महाल बांधू गेले तर नियम हात धरतो.

चटईक्षेत्राचे हे प्रकरण मराठी वाचकाला नवे नाही. मुंबईत १९६४ सालच्या नियमांपासून हे माप आले. १९९१ च्या नियमावलीत ते बेटावरील शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असे होते. मुंबईने बिऱ्हाडे मोजली नाहीत, चटई मोजली. पण जगातील एवढ्या दाट शहरात मापच इतके तोकडे ठेवले की ज्यांना त्यात जागा नव्हती ते नियमाबाहेर, झोपडीत जाऊन राहिले. तेव्हा माप लावणे योग्य म्हटले तरी प्रत्येक आकडा योग्य ठरत नाही. आकडा कोणीतरी टेबलावर बसून लिहिलेला असतो आणि तो पुन्हा लिहिता येतो.

मिनियापोलिसमध्ये खरी वाढ झाली ती दुसरीकडे. त्याच आराखड्याने बस व रेल्वेच्या मार्गांलगत मोठ्या इमारतींना मुभा दिली, आणि २०२१ साली प्रत्येक बिऱ्हाडामागे मोटारीसाठी जागा ठेवण्याची सक्ती शहरभर काढून टाकली. ही दुसरी तरतूद रुक्ष वाटते, पण मोटारींसाठी तळघर खोदण्याचा खर्च ज्याच्याकडे सायकलही नाही त्याच्या भाड्यातही धरला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. 'प्यू' या अमेरिकन संस्थेने २०२४ साली मांडलेल्या आकड्यांनुसार २०१७ ते २०२२ या काळात शहरातील घरांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी १ टक्का वाढली. मिनेसोटाच्या उरलेल्या भागात याच काळात घरे ४ टक्के वाढली व भाडी १४ टक्के. नवी घरे मुख्यतः वीस वा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींत होती. यातील काही वाटा महामारीच्या वर्षांचा असणार, आणि काही बांधकामे २०१८ च्या आधीच्या लहानसहान सवलतींमुळे सुरू झालेली होती. सारे श्रेय एका ठरावाला देणे बरोबर होणार नाही. शिवाय भाडे वाढले नाही म्हणजे सर्वांत गरीब माणसाला ते परवडू लागले असेही नव्हे. न्यूझीलंडमधील ऑकलंडने २०१६ साली निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर एकदम जास्त बांधकामाला परवानगी दिली. त्या सुमारास वर्षाला दहा हजारांच्या आसपास घरांना मंजुरी मिळत होती. २०२१-२२ मध्ये हा आकडा वीस हजारांवर गेला. आकडे बोलतात ते एवढेच की, मुभा खरी असेल तर घरे होतात.

मिनियापोलिसचा ठराव सुखासुखी टिकला असे मात्र नाही. डिसेंबर २०१८ मध्येच काही नागरिकांनी आणि पक्षिप्रेमींच्या संस्थांनी राज्याच्या १९७१ च्या पर्यावरण हक्क कायद्याखाली दावा लावला. घरे वाढली तर झाडे, पाणी आणि पक्षी यांची हानी होईल, असे त्यांचे म्हणणे. २०२२ साली व पुन्हा २०२३ साली जिल्हा न्यायालयाने आराखड्याला मनाई केली. शहरात न मावलेली माणसे दूर माळावर घरे बांधून रोज मोटारीने येतात, तेव्हा तेथील झाडापक्ष्यांचे काय होते, हा प्रश्न त्या दाव्याच्या कक्षेत बसत नव्हता. शेवटी मे २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून अशा आराखड्यांना या प्रकारच्या दाव्यांतून वगळले, आणि तीन बिऱ्हाडांची मुभा कायम राहिली.

आपल्याकडे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचा किमान वीस वर्षांतून एकदा फेरविचार करावा लागतो. मसुदा प्रसिद्ध करून त्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात. नकाशात निवासी भाग पिवळ्या रंगाने दाखवितात. आमच्या शहराचा मसुदा लागेल तेव्हा तो पाहायला मी जाणार आहे आणि वडिलांनाही नेणार आहे. आकडे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतात.